चर्चला जातो, वचन वाचतो, पण विश्वासात वाढतोय का हे ओळखायचं कसं?

अक्कलकोट_रोड

सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम. मी सोलापूरचाच, एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला आहे, बिलं, पॅकिंग लिस्ट, ट्रान्सपोर्टवाल्यांचे फोन असलं सगळं माझ्याकडं असतं. ख्रिस्ती घरातलाच, दृढीकरण (स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालंय, रविवारची उपासना सहसा चुकत नाही, तरुण संघात पण असतो, सकाळी एक अध्याय वाचूनच घराबाहेर पडतो.

परवा धाकट्या भावानं जेवताना विचारलं, तो कॉलेजपासून चर्चला येत नाही, टोमणा म्हणून नव्हतं, खरंच विचारत होता. म्हणाला दादा, तू जातोस मी जात नाही, मग सोमवार ते शनिवार आपल्या दोघांत फरक काय हाय सांग की. आणि मला काही सांगताच आलं नाही. तेव्हापासून डोक्यातनं जाईना.

दुसरी गोष्ट त्याच आठवड्यातली. मालक म्हणाले की पुढच्या लॉटपासून ४०० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) मालावर ४५० चं स्टिकर लावायचं, बाजारात सगळेच लावतात. स्टिकर प्रिंटला द्यायचं काम माझं. घराचा हप्ता चालू आहे, आईची औषधं आहेत, त्यामुळं नोकरी सोड असं पटकन सांगू नका प्लीज.

तर विचारायचं हे की आत्मिक प्रौढता म्हणतात ती माणसात दिसते कशी, आणि माझ्यासारख्यानं रोज नेमकं करायचं काय? "प्रार्थना कर" एवढंच सांगितलं तर ते मी करतोच.

रेल्वेलाईन्स_बाई

बाळा, भावानं विचारलेला प्रश्न फार चांगला आहे, त्याचा राग मानू नकोस. मी शाळेत शिकवून रिटायर झाले, संडे स्कूल अजून घेते, आणि माझं स्पष्ट मत असं की आपण वाढलो का हे आपल्याला प्रार्थनेत काय वाटतं त्यावरनं कधीच कळत नाही, ते आपल्यासोबत राहणाऱ्यांना कळतं. गलतीकरांस पत्राचा ५ वा अध्याय काढ, २२ आणि २३ वं वचन. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. आता बघ, यातलं बहुतेक सगळं दुसरा माणूस समोर असल्याशिवाय दिसतच नाही. सहनशीलता दिसायला कुणीतरी आपली सहनशीलता ताणणारा लागतो की. आमच्या गल्लीत पाणी येतं त्या दिवशी यायचं, कुणाची मोटर आधी, कुणाची टाकी भरली तरी पाईप काढत नाही, एखादी म्हातारी एकटी घागर घेऊन उभी, तिथं कोण कसं वागतं त्यावरनं मी माणसाचा विश्वास ओळखते, गाण्यात हात किती वर जातो त्यावरनं नाही.

रोज काय करायचं म्हणतोस तर माझ्या मते वाचन थोडं कमी कर आणि हळू कर. एका दिवसात एक अध्याय संपवायचाच असं काही देवानं सांगितलेलं नाही. मत्तय ५ ते ७, डोंगरावरचं प्रवचन, हे तीनच अध्याय दोन-तीन महिने धर, रोज थोडी वचनं, आणि त्यातली एक गोष्ट दिवसभर सोबत ने. रात्री झोपायच्या आधी दिवस मागं फिरवून बघ, सकाळपासून कोण कोण भेटलं, कुठं उपकार झाले, कुठं राग आला, कुठं खोटं बोलायची वेळ आली. कॅथलिक लोकांत ही सवय फार जुनी आहे, १६ व्या शतकात इग्नाशियस लोयोलानं लावून दिली, त्याच्या संघाचे येशूसंघी (जेझुइट) लोक दुपारी एकदा नि रात्री एकदा असं दिवसाचं आत्मपरीक्षण करतात. आपण प्रोटेस्टंट असलो म्हणून काय झालं, चांगली गोष्ट घ्यावी.

आणि घाई करू नको. मार्क ४:२६-२९ वाच, माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही. मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी बघितलीयेस ना, पाऊस संपत आल्यावर पेरतात आणि पुढं काळ्या रानात जी ओल धरून ठेवलेली असते तिच्यावरच बहुतेक पीक उभं राहतं, वरनं काहीच पडताना दिसत नाही तरी.

पहाटेची_प्रार्थना

ब्रदर, माझं मत थोडं वेगळं आहे. हा स्टिकरचा विषय म्हणजे सरळ सरळ परीक्षा आहे, तिथं थांबूच नये. उपास धरा, शुक्रवारी रात्रभर प्रार्थना करा, प्रभू मार्ग उघडतो. बोलण्याचालण्यात बदल वगैरे ठीक आहे पण पवित्र आत्म्यानं भरल्याशिवाय तो टिकत नाही, माणूस स्वतःच्या जोरावर चार दिवस चांगला राहतो नंतर पुन्हा तसाच. आधी भरून घ्या मग बाकीचं आपोआप होतं.

पुणे_सोलापूर_अपडाऊन

पहाटेची_प्रार्थना दादा, उपासाला माझी ना नाही, मीही धरतो, आणि आत्म्याशिवाय होत नाही हे तर शंभर टक्के. पण "आपोआप होतं" हे मला पटत नाही. मी दर आठवड्याला पुण्याहून गाडीनं येतो, वाटेत केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी आत्मिक जागृती झाली, मुली रात्र रात्र प्रार्थना करत होत्या, हे आपल्या सभांमधनं नेहमी सांगितलं जातं. पण त्याच आवारात विणकाम होतं, तेलाचा घाणा होता, शेती होती, छापखाना होता, आणि रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरनं जे मराठी बायबल केलं ते तिथल्याच बायकांनी छापलं, हे कुणी सांगत नाही. रमाबाई १९२२ ला गेल्या, शेवटपर्यंत त्या कामात होत्या. म्हणजे जागृती झाली आणि मग बायका छपाईचे खिळे जुळवायला बसल्या, दोन्ही एकाच जागी. मला तरी ते वेगळं करता येत नाही.

आता अक्कलकोट_रोड, तुझ्या स्टिकरचं बोलू. दानीएल १ ला अध्याय वाच पण या नजरेनं वाच. दानीएल म्हणजे बाबेलच्या राजवाड्यात नेलेला यहूदी तरुण, राजाचं अन्न खायचं नाही हे त्यानं मनात ठरवलं, ८ व्या वचनात आहे. पण आरडाओरडा नाही केला, राजवाडा सोडून पण नाही गेला. आधी अधिकाऱ्याला विनंती केली, तो घाबरला, माझं डोकं जाईल म्हणाला, तर दानीएल कारभाऱ्याकडं गेला आणि म्हणाला दहा दिवस करून बघा, डाळ आणि पाणी द्या, मग आमची तोंडं बघा आणि ठरवा. म्हणजे नुसता नकार नाही दिला, समोरच्याची भीती पण समजून घेतली आणि त्याला करता येईल असा दुसरा रस्ता दिला. ही मला खरी प्रौढता वाटते. तूही मालकाकडं रस्ता घेऊन जा. एकतर खरा आकडा टाकू म्हण, नाहीतर आकडाच नको, साईज आणि "१०० टक्के कॉटन" एवढंच टाकू, अर्थात ते खरं असेल तर. आणि धंद्याच्या भाषेत पण सांग, कारण जीएसएम ही लपणारी गोष्टच नाही. गोल कटरनं १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, वजन करायचं, ग्रॅमला शंभरनं गुणायचं, झालं. ४ ग्रॅम भरलं तर ४००, साडेचार भरलं तर ४५०. कुठल्याही मोठ्या गिऱ्हाइकाकडं हा कटर असतो, एकदा सापडलं की पूर्ण लॉट परत येतो आणि पुढची ऑर्डर पण जाते. मालकाला हे माहीत असणारच, पण त्याच्या तोंडावर कुणी बोललं नसेल.

अजून एक, त्याच पुस्तकात ६:४ ला लिहिलंय की दानीएलाच्या कामात त्यांना खोट सापडेना. तुझी बिलं चोख, हिशोब चोख, वेळेवर हजर, असं असेल तर तुझ्या नाहीला वजन येतं.

अक्कलकोट_रोड

दादा, बाई, मनापासून आभार. दानीएलाचं असं कधी वाचलंच नव्हतं, संडे स्कूलमध्ये सिंहाची गुहाच लक्षात राहते. पण मालक नाही म्हणाले तर? आणि सौम्य राहायचं तर मग मालकांना उलट बोलायचं कसं, हे मला अजून जुळत नाही.

विडी_घरकुलची_लेक

दादा मी पहिल्यांदाच लिहायलेय इथं, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं घर तेलुगू बोलणारं, आईनं आयुष्यभर विड्या वळल्या. कारखान्यातनं पानं-तंबाखू आणायची, घरी वळायच्या, मोजून द्यायच्या, आणि देताना खराब म्हणून काही विड्या बाजूला काढायचे, त्याचे पैसे नाहीत. एका ठिकाणी मुद्दाम जास्त काढायला लागले तेव्हा आई त्या माणसाशी बोलली, आवाज न चढवता पण सगळ्यांसमोर, की पुन्हा मोजा, मी इथंच उभी आहे. आणि घरी येऊन त्याच माणसासाठी नाव घेऊन प्रार्थना केली, मी ऐकलीय ती. त्यामुळं सौम्य म्हणजे गिळून गप्प बसणं असं मला कधीच वाटलं नाही. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौलाला चौकशीशिवाय फटके मारून कोंडलं आणि सकाळी गुपचूप जा म्हणाले, तर पौल म्हणाला तसं नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि त्याच रात्री त्यानं तुरुंगाच्या नायकाचा जीव पण वाचवला होता. दोन्ही एकाच माणसानं केलं.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे, हे तुम्ही एकट्यानं का उचलायलाय? आपल्या मंडळीत कोण आलं कोण नाही हे बघतात, कमिटीच्या निवडणुकीला सगळे पळतात, पण तुझ्या कामावर काय चाललंय बाबा असं कोण कुणाला विचारतं का? मला याचं फार वाईट वाटतं. येशूनं बारा जणांना सोबत ठेवलं, सोबत जेवले, चालले, भांडले पण, शिष्य तसे घडले. शौल, म्हणजे हाच पौल, नवीन होता, सगळे त्याला भीत होते, तेव्हा बर्णबानं हात धरून त्याला प्रेषितांकडं नेलं, कृत्ये ९:२७. प्रत्येकाला एक बर्णबा लागतो, आणि थोडं पुढं गेल्यावर आपण पण कुणाचा तरी व्हावं लागतं.

आम्ही काही जण बुधवारी संध्याकाळी एकाच्या घरी बसतो, तेलुगू-मराठी मिक्स चालतं. एक शास्त्रभाग वाचतो, फार स्पष्टीकरण नाही, प्रत्येकानं एकच सांगायचं, या आठवड्यात मी यातलं काय करणार. आणि पुढच्या बुधवारी पहिला प्रश्न तोच, केलं का? नाही केलं तर कुणी रागवत नाही, का नाही झालं ते विचारतात. एक ताई मत्तय ५:२३-२४ वाचल्यावर जागेच्या वादात बोलणं बंद केलेल्या जावेकडं गेल्या, कारण तिथं सरळच लिहिलंय, वेदीपाशी अर्पण ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. जाऊ काही लगेच गोड झाली नाही. पण आता सणाला डबा जातो-येतो.

मालक नाही म्हणाले तर काय, याचं उत्तर एका माणसानं द्यायचं नसतं. मंडळीतल्या दोन भरवशाच्या माणसांना आत्ताच सांगून ठेवा, पाळकांना पण. उद्या काही झालंच तर हप्त्याचं आणि आईच्या औषधाचं बघायला माणसं पाहिजेत, गलतीकर ६:२, एकमेकांची ओझी वाहा. ते फक्त प्रार्थनेपुरतं लिहिलेलं नाही.

रेल्वेलाईन्स_बाई

लेकी, फार छान लिहिलंस, लिहीत जा. हे मंडळीबद्दलचं मी आमच्या महिला मंडळात वाचून दाखवणार आहे.

बाळा, भावाचं एक राहिलं. त्याला लगेच उत्तर द्यायची गरज नाही, चर्चला चल म्हणून मागं पण लागू नको. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, १९०० चा. मधली पाच वर्षं. त्यातला काही काळ लक्ष्मीबाई मुलाला घेऊन आपल्या पंढरपुरातच होत्या. टिळकांचा जीव किती तुटत असेल, पण नवऱ्याचा हुकूम म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, त्यांचं मन त्यांच्याच वाटेनं वळलं, जातीचा सोवळेपणा सुटला तोही त्यांच्याच विचारानं. त्यांच्या आत्मचरित्रात सगळं आहे, दोघं वाचा. भाऊ प्रश्न विचारतोय म्हणजे तो तुझ्याकडं बघतोय, एवढं पुरे आहे सध्या.

पहाटेची_प्रार्थना

वाचलं सगळं. बर्णबाचा मुद्दा मान्य, पुणे_सोलापूर दादांचं केडगावचं पण मला माहीत नव्हतं. ब्रदर, तुम्ही मालकांना भेटाल त्या दिवशी आम्ही घरचे सगळे उपास धरतो, फक्त दिवस कळवा.

अक्कलकोट_रोड

सोमवारी. त्या दिवशी लॉट मोजून झाल्यावर मालक ऑफिसात निवांत असतात. पाळकांशी उद्या उपासनेनंतर बोलतो. ताई, बुधवारी यायचं झालं तर पुरुष चालतात का? आणि दादा, आमच्याकडं गोल कटर नाही, साध्या पट्टीनं मोजून कापला तर चालेल का, हातात खरा आकडा घेऊनच जावं म्हणतो.

विडी_घरकुलची_लेक

चालतात की, चार-पाच जण येतातच. सातला सुरू करतो, पत्ता मेसेज करते.

पुणे_सोलापूर_अपडाऊन

चालेल. १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन काप, काठाची पट्टी सोडून मधनंच घे, काठाला विण वेगळी असते, वजन चुकतं. आणि एकाच टॉवेलचं नको, वेगवेगळ्या गठ्ठ्यातनं तीन-चार घे. वजन सोन्याच्या दुकानात करून घे, किराणा दुकानाचा काटा ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही.