लेबलच्या लेबलवरचं चित्र: 'लेबल'ला मराठीत काय म्हणता?

अंधेरी_स्लो:
एका छोट्या प्रदर्शनाच्या माहितीफलकांचं मराठी करतेय. विषय ड्रम अँड बेसच्या (इंग्लंडातलं वेगवान, इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) रेकॉर्डी आणि पार्ट्यांचे फ्लायर, म्हणजे त्यांवरची चित्रं, अक्षरं, रंग. एका वाक्यापाशी अडले आहे. नव्वदच्या दशकात या संगीताच्या बारा इंची रेकॉर्डी बऱ्याचदा साध्या, मधोमध गोल भोक असलेल्या कव्हरात यायच्या. त्या भोकातून दिसायचं ते लेबल, म्हणजे मध्यावर चिकटवलेला गोल कागद. आणि रेकॉर्ड काढणारी कंपनी, तिलाही लेबलच म्हणतात. मी लिहिलं, 'लेबलची ओळख लेबलवरूनच पटायची.' त्यावर लाल रेघ मारून समासात 'द्विरुक्ती?' असं आलंय. कंपनीला 'ध्वनिमुद्रण संस्था' म्हटलं तर सरकारी कचेरी वाटते. काय करू?

बोरूबहाद्दर:
कागदाला 'चकती', कंपनीला 'कंपनी'. प्रश्न मिटला. मात्र 'रेकॉर्डी' खटकतं. 'तबकडी' हा आपला खणखणीत शब्द असताना?

रात्रपाळी:
काका, आजच्या पोराला 'तबकडी' म्हटलं की उडती तबकडीच आठवते. त्यात या संगीताच्या चित्रांत ग्रह, यानं, यंत्रमानव यांची रेलचेल. 'तबकडीवर तबकडीचं चित्र' असा नवा घोळ होईल.

ताई, एक दुरुस्ती. तो कागद चिकटवत नाहीत. प्लास्टिकचा गरम गोळा साच्यात दाबतात तेव्हाच वर एक, खाली एक असे दोन कागद ठेवतात आणि ते त्याच दाबाने बसतात. डिंक वगैरे काही नाही.

आणि 'कंपनी' म्हणून भागणार नाही. मेटलहेड्झ हे लेबल घ्या. १९९४ साली गोल्डी, केमिस्ट्री आणि स्टॉर्म या डीजेंनी सुरू केलेलं. चिन्ह काय, तर हेडफोन घातलेली कवटी. रॅम रेकॉर्ड्सचा शिंगवाला मेंढा, हॉस्पिटल नावाच्या लेबलचा एच. वाजवणाऱ्याचा फोटो क्वचितच. डीजेच्या टेबलावर मिणमिणता दिवा, पेटीत शंभरेक रेकॉर्डी एकीला एक चिकटून. त्यातून नेमकी हवी ती उपसायची, ती नाव वाचून नाही, चिन्ह ओळखून. म्हणून जेमतेम चार इंचांच्या त्या गोलात सगळी कला. ऐकणाराही 'अमक्याचं नवं गाणं' म्हणण्याआधी 'कवटीची नवी आली का?' असं विचारायचा.

मुक्काम_ठाणे:
मग शब्द घरचाच आहे की. 'छाप'! आमच्याकडे आजोबा 'कुत्रा छाप रेकॉर्ड' म्हणायचे, एचएमव्हीची. कंपनीचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांचं काही अडलंही नाही. घोडा छाप, उंट छाप, तशी कवटी छाप. कंपनी आणि कागद दोन्ही एका शब्दात.

बोरूबहाद्दर:
'छाप' विडीला शोभतो. 'मुद्रा' घ्या. ध्वनिमुद्रिका, मुद्रण, मुद्रा, सगळं एका कुळातलं.

मुक्काम_ठाणे:
विडीला शोभतो म्हणजे काय हो? विडी ओढणाऱ्यांची मराठी वेगळी असते का?

अंधेरी_स्लो:
'छाप' मजेदार आहे. पण 'गोल्डीने छाप सुरू केली' असं लिहिता येईल का? आणि त्या भोकवाल्या कव्हराला काय म्हणायचं?

भाबडाप्रश्न:
पाकीट. आमच्या घरी 'रेकॉर्डचं पाकीट' असंच म्हणायचे.

बोरूबहाद्दर:
'गवसणी'. तंबोऱ्याला घालतात ती.

रात्रपाळी:
गवसणी कापडाची असते, आणि तंबोऱ्याच्या गवसणीला मधोमध भोक पडलं तर गवई शिष्याला झोडपेल. इथे भोक मुद्दामच पाडलेलं असतं, कारण दुकानदाराला कव्हर न उघडता माल दाखवायचा असतो.

खिळेवाला:
मी छापखान्यातला माणूस, त्यामुळे दुसऱ्याच शब्दावर अडलो. 'फ्लायर' कशाला? हँडबिल म्हणा. गिरगावात सर्कशीची, नाटकांची हँडबिलं आम्हीच छापायचो. पातळ रंगीत कागद, एकाच शाईत. आणि सगळे चित्रांचंच बोलताय, पण अशा कागदावर चित्रापेक्षा मोठा भाग असतो अक्षरलेखनाचा.

रात्रपाळी:
हँडबिल म्हटलं की तुम्ही म्हणता तोच पातळ कागद डोळ्यांसमोर येतो. इंग्लंडातल्या रेव्ह, म्हणजे रात्रभर नाचायच्या पार्ट्यांचे फ्लायर जाड आणि गुळगुळीत असायचे. पुढे ज्युनियर टॉमलिन किंवा पेझ यांच्यासारख्यांनी काढलेली झगमगीत, स्वप्नातल्यासारखी चित्रं, मागे डीजे आणि एमसी (माइकवर बोलणारे) यांची भलीमोठी यादी. बेकायदा पार्टी असली तर जागेचा पत्ता नसायचा, नुसता फोन नंबर. त्या रात्री फोन केला की कुठे जायचं ते कळे. लोक ते जपून ठेवत, भिंतीला लावत. हँडबिलात वाणसामान बांधून येतं.

खिळेवाला:
नाटकाच्या हँडबिलातही मागच्या बाजूला यादीच असते, आणि कोणाचं नाव कोणत्या टायपात यावरून नट भांडतात. त्यात तुमचं नवीन काही नाही.

रात्रपाळी:
हे मात्र कबूल. इथेही सर्वात मोठं नाव सर्वात वर, आणि खाली खाली अक्षर बारीक होत जातं.

वाचनखूण:
'अक्षरलेखन' का म्हणताय? 'सुलेखन' हा रूढ शब्द आहे.

खिळेवाला:
नाही नाही नाही. सुलेखन म्हणजे बोरूने किंवा चपट्या निबने एका दमात लिहिलेलं. अक्षरलेखन म्हणजे एकेक अक्षर आखून, खोडून, ब्रशने भरून काढलेलं. कमल शेडगे नाटकांची नावं करायचे ते अक्षरलेखन. वर्तमानपत्रातली जाहिरात दुरून पाहिली तरी नाटक गंभीर की फार्स ते अक्षरांच्या वळणावरून कळायचं. आणि छापखान्यातले तयार खिळे, म्हणजे धातूचे टाइप, जुळवणं ती तिसरीच विद्या. या तिघांची खिचडी करू नका.

रात्रपाळी:
अगदी बरोबर. गोल्डी मुळात भिंतींवर ग्राफिटी करणारा, आणि ग्राफिटीचं अक्षर तुमच्या व्याख्येत अक्षरलेखनातच बसतं, स्प्रेने केलं तरी. वाइल्डस्टाइल नावाचा प्रकार पाहा, अक्षरं एकमेकांत अशी गुंतवतात, बाण काढतात, की बाहेरच्या माणसाला वाचताच येऊ नये. उलट अंगाला शेफील्डची डिझायनर्स रिपब्लिक ही डिझाइन कंपनी, १९८६ साली सुरू झालेली. १९९५ च्या वाइपआउट या व्हिडिओ गेममधली त्यांची अक्षरं यंत्रातून कापून काढल्यासारखी. त्या काळच्या पार्ट्यांच्या फ्लायरांवर या दोन्ही वळणांच्या नकला सापडतात.

बोरूबहाद्दर:
बाहेरच्याला वाचता येऊ नये? मग त्याला 'मोडी' म्हणा! मोडीचा उगमच तो. गुप्त खलित्यांसाठी अक्षरं मोडून लिहायची, म्हणून मोडी.

वाचनखूण:
ही व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. हेमाडपंताने लंकेतून आणली अशीही दंतकथा आहे, तीही घेणार का? मोडी भराभर लिहिता यावी म्हणून तशी आहे, हात न उचलता. जमाखर्च ठेवणारा कारकून काय गुपित राखत होता?

बोरूबहाद्दर:
कारकुनाला विचारा.

भाबडाप्रश्न:
मोडीवरून आठवलं. इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर आडवी रेघ ओढून 'भारतीय' करतात, त्याला काय म्हणायचं? लंडनच्या हॉटेलांवर असतं, मुंबईतल्या पार्ट्यांच्या पोस्टरांवरही पाहिलंय. आपल्याकडे खरी देवनागरी असताना?

रात्रपाळी:
'शिरोरेघी इंग्रजी'. फार राग येतो. मुंबईत १९९९ पासून हे संगीत वाजवणाऱ्या मंडळींनी स्वतःचं नाव 'भविष्यवाणी' ठेवलं, भविष्याकडे डोळे लावून बसलेल्या संगीताला याहून नेमका शब्द नाही. आणि असं नाव रोमनमध्ये लिहून वर रेघ ओढली की ते भविष्य राहत नाही, ढाब्याची पाटी होते. खरी देवनागरी मोडून-तोडून कोणी लावली तर मी पहिला टाळी देईन. जोडाक्षरं घ्या, वाइल्डस्टाइल घरातच आहे.

खिळेवाला:
जोडाक्षरं मोडायची म्हणजे 'क्ष'चा पाय तोडायचा का? त्याचा खिळा वेगळा ओतावा लागायचा, माहीत आहे?

अंधेरी_स्लो:
मंडळी, फलक उद्या छापायला जातायत. सध्या कागदाला 'चकती' आणि कंपनीला 'लेबल' असं ठेवलंय. आता 'व्हाइट लेबल' आलंय. प्रसिद्धीआधी डीजेंना पाठवायची ती रेकॉर्ड, चकती पांढरी, वर पेनाने नाव लिहिलेलं किंवा रबरी शिक्का मारलेला. 'पांढरी चकती' की 'कोरी चकती'?

रात्रपाळी:
कोरी. पण शिक्का असला तर कोरी कशी? थांबा.

मुक्काम_ठाणे:
छाप नसलेली ती 'बिनछाप'. मघाशी ऐकलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

बोरूबहाद्दर:
ताईंनी वर 'छाप सुरू केली' लिहिलंय. 'कुत्रा छाप' मधला छाप पुल्लिंगी ना?

वाचनखूण:
छाप पडते, तो पडत नाही. स्त्रीलिंगी.

मुक्काम_ठाणे:
विडीच्या कट्ट्यावर स्त्रीलिंग-पुल्लिंग कोण बघतो?

बोरूबहाद्दर:
मी बघतो. कट्टा आणा.