आईला रामेश्वरला न्यायचंय : गंगेचा गडू, बावीस तीर्थं आणि दुखरे गुडघे – सल्ला हवा

मिरजकरीण

नमस्कार मंडळी. आईला (वय ७३) येत्या माघात रामेश्वरला न्यायचं आहे. आम्ही दोघीच जाणार.

आई-बाबा नऊ वर्षांपूर्वी काशीला जाऊन आले. तेव्हा आणलेला गंगेचा तांब्याचा गडू अजून देवघरात आहे, तोंड झाळून बंद केलेला. काशीची गंगा रामेश्वराला घातली की यात्रा पुरी होते, असं आजी सांगायची. संत एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, ती गोष्टही तिच्याच तोंडून ऐकली. पुढच्याच वर्षी दोघं रामेश्वरला निघणार होते, पण बाबा गेले आणि ते राहून गेलं. आई स्वतःहून काही बोलत नाही. पण दर सणाला गडू चिंचेनं घासते आणि परत जागेवर ठेवते. यंदा मीच ठरवलं.

मिरजेहून सोयीचा रस्ता कोणता? गडू देवळात कसा द्यायचा? बावीस विहिरींचं स्नान तिला झेपेल का? दोन्ही गुडघे दुखतात, घरात काठी लागत नाही, बाहेर लागते. किती दिवस राहावं? ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना नेलं आहे त्यांनी जरूर सांगा.

पायवाट

ताई, मिरज म्हणजे तुम्हाला बेंगळूरुवरून जाणं सोपं. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रभरात बेंगळूरुला सोडते. तिथं दिवसभर कुणाकडे तरी किंवा स्टेशनच्या विश्रांतीगृहात आईंना आडवं होऊ द्या. रात्रीची म्हैसूर–तुतिकोरिन गाडी सकाळी मदुराईला पोचवते. मदुराईत एक मुक्काम करा. मीनाक्षीचं दर्शन होईल आणि पायांना आराम मिळेल.

मदुराई ते रामेश्वर साधारण १७० किलोमीटर. बस मिळते, टॅक्सी मिळते, पण माझं ऐकाल तर जाताना रेल्वेनंच जा. १९१४ सालचा जुना पांबन पूल डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीला बंद झाला आणि मधली दोन-अडीच वर्षं गाड्या बेटावर जातच नव्हत्या. ६ एप्रिल २०२५ ला, रामनवमीच्या दिवशी, नवा पूल सुरू झाला. मधला ७२.५ मीटरचा भाग जहाजासाठी सरळ वर उचलला जातो. गाडी पुलावर आली की दोन्ही खिडक्यांतून फक्त पाणी दिसतं. आईंना खिडकीशी बसवा.

तारखा ठरवताना पौष अमावास्या आणि महाशिवरात्र टाळा. पौष अमावास्येला तिकडे तै अमावास्या म्हणतात, पितरांच्या तर्पणाला माणूस लोटतं. या दोन्हींच्या मधले साधे दिवस धरा. हवाही तेव्हा चांगली असते.

कावेरीकाठ

मी सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते, सासूबाई तेव्हा ७० च्या. स्नानाचं सविस्तर लिहिते, कारण घोटाळा होतो तो तिथंच.

आधी अग्नितीर्थ. हे देवळाच्या पूर्व गोपुरासमोरचा समुद्रच. लाटा जवळजवळ नसतातच, पाणी तळ्यासारखं. त्यात बुडी मारून तसंच ओलेत्यानं देवळात जायचं आणि आतली २२ तीर्थं घ्यायची. बहुतेक विहिरीच आहेत. महालक्ष्मी, सावित्री, गायत्री, सरस्वती, पुढे नल, नील, शंख, चक्र, सूर्य, चंद्र, गंगा, यमुना, गया, आणि शेवटचं कोटितीर्थ. प्रत्येक ठिकाणी पाटी आणि क्रमांक आहे. विहिरीच्या कठड्यावर एक माणूस उभा असतो. तो दोराच्या पोहऱ्यानं पाणी शेंदतो आणि खाली उभ्या असलेल्यांच्या डोक्यावर ओततो. त्याचा हात इतका सराईत की पोहरा खाली जातो कधी, वर येतो कधी कळत नाही. गर्दी असेल तर शिंतोडेच मिळतात, नसेल तर डोळे मिटावे लागतील एवढं पाणी.

दगडी फरशी सदा ओली असते. जपायचं ते याला. सासूबाईंना आम्ही दोन्हीकडून धरलं होतं. नऊवार नेसू देऊ नका, ओलं झालं की पायात अडकतं. पंजाबी ड्रेस बरा. काठी असेल तर तिच्या टोकाला नवं रबर बसवून घ्या.

सगळी तीर्थं घेतली की कपडे बदलायचे, कारण ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. कोरडे कपडे एका पिशवीत घालून सोबत ठेवा. मोबाईल आत चालत नाही, तो खोलीवरच ठेवा.

आम्ही गेलो तेव्हा तीर्थांचं देवस्थानचं तिकीट माणशी २५ रुपये होतं. बाहेर "रांगेशिवाय नेतो, जास्त पाणी घालतो" म्हणणारे भेटतील. आम्ही एकाला पैसे दिले आणि तो नवव्या विहिरीपाशी दिसेनासा झाला. खिडकीवरचंच तिकीट काढा.

आणि एक कळकळीनं सांगते. अग्नितीर्थात अंगावरचे कपडे सोडून यायची रीत पडली आहे. पाण्यात साड्या, धोतरं पायात गुंततात, कुणी म्हातारं माणूस पडेल. तुम्ही तुमचे कपडे पिळून परत आणा.

मिरजकरीण

कावेरीकाठ ताई, अगदी हेच हवं होतं. पण २२ वेळा डोक्यावरून गार पाणी म्हटल्यावर मला धाकधूक वाटते. आईला गेल्या वर्षी छातीत कफ झाला होता.

पायवाट

मग सगळी घेऊच नका. अग्नितीर्थाला पाय बुडवून आचमन, आणि सरळ दर्शन. देवाला तेवढं कळतं.

कावेरीकाठ

इथं मी असहमत. ज्या बाईनं नऊ वर्षं गडू घासला तिला "नको करूस" सांगू नका, तिला विचारा. आणि मधला मार्ग आहेच. विहिरीवरच्या माणसाला हातानं खूण करून "पायावर" म्हटलं तर तो पायावर, हातावर पाणी घालतो. सासूबाईंनी पहिल्या तीन आणि शेवटच्या कोटितीर्थाला डोक्यावरून घेतलं, बाकी सगळीकडे ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं. विहिरीचं पाणी समुद्रासारखं बोचरंही नसतं. सकाळी ऊन वर आल्यावर जा, म्हणजे कुडकुडणार नाहीत. दुपारी साधारण १ ते ३ देऊळ बंद असतं, त्याच्या आत आटपेल असं बघा.

पहाटे ५ च्या सुमाराला स्फटिकलिंगाचं दर्शन असतं, तासाभराचंच. ते कोरड्या अंगानं वेगळ्या दिवशी घ्या. दोन्ही एका सकाळी करायला गेलात तर आई थकतील. म्हणून किमान दोन रात्री, जमल्यास तीन.

तंजावरकर

आमचं घराणं तंजावरच्या मराठ्यांतलं. घरात अजून मराठी बोलतो, जरा जुन्या वळणाची. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

गडूबद्दल. देवळाच्या कार्यालयात गंगाभिषेकाची पावती करतात. भांडं तांब्याचं किंवा पितळेचं लागतं, पत्र्याचं किंवा लोखंडी चालत नाही. तुमचा तांब्याचा आहे तो उत्तम. झाळ घरीच काढू नका, तिथं नेऊन सर्वांसमक्ष उघडा. मूळ लिंगावर अभिषेक पुजारीच करतात, आपण समोरून बघायचं. आणि आईंना हे सांगा, त्यांना बरं वाटेल : रामेश्वराच्या गाभाऱ्यातले पुजारी परंपरेनं मूळ महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घराण्यांतले आहेत, शृंगेरी मठाची दीक्षा घेतलेले. म्हणजे तुमचा गडू फार परक्या हाती जात नाही.

आत लिंगं दोन आहेत. हनुमंत कैलासाहून लिंग घेऊन येईपर्यंत मुहूर्त टळेल म्हणून सीतेनं वाळूचं केलं, ते रामलिंग. मागून हनुमंतानं आणलेलं ते विश्वलिंग. हनुमंताचं मन मोडू नये म्हणून रामानं आधी विश्वलिंगाची पूजा करायला सांगितलं, आजही क्रम तोच. पुजाऱ्यांना विचारून दोन्हींचं दर्शन घ्या, गर्दीत एकच बघून लोक पुढे जातात.

तिसऱ्या प्राकारात, म्हणजे बाहेरच्या लांब ओवरीत, मात्र दर्शन झाल्यावर सावकाश चाला. १२१२ खांब आहेत. रामनाथपुरमच्या सेतुपती राजांनी ते काम १८व्या शतकात पुरं केलं. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिव्याएवढं दिसतं. आईंना बसायला कडेचे ओटे आहेत.

एक दिवस जास्तीचा असेल तर येताना तंजावर करा. आमच्या भोसले राजांनी रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी वाटेवर छत्रं बांधली. छत्र म्हणजे धर्मशाळा, जिथं कुठल्याही जातीच्या वाटसरूला जेवण मिळे, आजारी पडला तर औषध मिळे. सरफोजी राजांनी बांधलेलं ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र अजून उभं आहे. तुमच्या आजीच्या आजीच्या गावाहून कावड घेऊन निघालेलं कुणी तिथं जेवलं असेलच. बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख आहे, १८०३ सालचा. तो बोटानं वाचताना आईंना हसू फुटेल, मीही लहानपणी तसाच वाचला.

सागरगोटा

धनुष्कोडीचं, म्हणजे बेटाच्या टोकाच्या गावाचं, कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. चुकवू नका. डिसेंबर १९६४ च्या वादळात हे गाव एका रात्रीत गेलं. २२ तारखेच्या रात्री पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी माणसांसकट लाटेखाली गेली. त्याआधी मद्रासहून बोट मेल नावाच्या रेल्वेगाडीनं इथपर्यंत यायचं आणि आगबोटीनं तलैमन्नारला उतरायचं, असा सिलोनचा रस्ता होता. आता पडक्या चर्चच्या भिंती आणि स्टेशनाचे अवशेष उरलेत. वाटेवरचं कोदंडराम देऊळ मात्र त्या वादळात वाचलं. बिभीषण रामाला शरण आला ती जागा.

रस्ता २०१७ पासून थेट अरिचलमुनैच्या टोकापर्यंत गेला आहे, म्हणून आईंना वाळूत चालावं लागणार नाही. एका हाताला समुद्र निवांत, दुसऱ्या हाताला उसळलेला. तिथले कोळी निवांत बाजूला बाईसमुद्र म्हणतात आणि दुसऱ्या बाजूला बाप्यासमुद्र. तमिळमध्ये पेण् कडल आणि आण् कडल. आम्हाला एका कोळणीनं वाळूत हातभर खड्डा केला, आणि त्यात पाझरलेलं पाणी प्यायला दिलं. गोडं! दोन्हीकडे खारा समुद्र आणि मधे हे. मी अजून विसरलो नाही. पोहायला उतरू नका, ओढ वाईट आहे. संध्याकाळी लवकर गाड्या परत फिरवतात, तेव्हा दुपारी ३ च्या आत पोचा.

अब्दुल कलामांचं घर मशीद रस्त्यावर, देवळापासून रिक्षानं पाच मिनिटं. जिना आहे, खालून बघितलं तरी चालेल.

जेवणाची काळजी नको. सकाळी इडली-पोंगल, दुपारी केळीच्या पानावर भात. आईंना रसम झेपेल, सांबार तिखट लागलं तर "तयिर सादम" मागा, दहीभात मिळतो.

मिरजकरीण

मंडळी, कालच परत आलो. तुमच्यामुळे झालं म्हणून सगळं सांगते.

पहिल्या दिवशी मनस्ताप झाला. फोनवर तळमजल्याची खोली कबूल केलेल्या लॉजनं तिसऱ्या मजल्यावरची दिली, लिफ्ट नाही. तासभर वाद घातला, शेवटी दुसरीकडे गेलो. ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी खोलीचा मजला लेखी मागून घ्या.

विहिरींचं मी आईलाच विचारलं. म्हणाली, "बघू या, जमेल तितकं." सहा विहिरींना डोक्यावरून घेतलं. सातवीला तिनं स्वतःच पायाकडे बोट दाखवलं. पुढे बहुतेक ठिकाणी ओंजळच. गंगातीर्थाशी मात्र पदर डोक्यावरून काढून उभी राहिली (ड्रेस काही घातला नाही, पाचवार नेसली), आणि त्या माणसानं दोन पोहरे ओतले. कोटितीर्थाचं पाणी बाटलीत घेतलं. कफ झाला नाही, देवाची कृपा.

गडू दुसऱ्या दिवशी सकाळी. कार्यालयात पावती केली. झाळ कडक बसलेली, तिथल्या सेवकानं चाकूच्या टोकानं काढून दिली. झाकण निघालं तेव्हा आईनं आत वाकून पाहिलं. पाणी काठोकाठ तसंच होतं. अभिषेक होताना आमच्यापुढे बरीच माणसं होती आणि आईची उंची कमी. पुढच्या एका तेलुगू बाईंनी मागे वळून पाहिलं, आईचा हात धरून तिला पुढे घेतलं. धार मी पाहिली नाही, तिनं पाहिली. बाहेर येऊन प्राकारातल्या ओट्यावर बसलो. बराच वेळ ती रिकामा गडू मांडीवर धरून होती. मग म्हणाली, "ह्यांना उशीर झाला एवढंच."

तंजावरकर, तंजावर या खेपेला राहिलं. मदुराईतच तिला विश्रांती दिली.

धनुष्कोडीला गेलो. टोकाला तिनं तीन मुठी वाळू त्याच गडूत घातली आणि तोंडाला फडकं बांधलं. सेतूची वाळू प्रयागला त्रिवेणीत सोडायची, हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. गडू आज परत देवघरात आहे. पुढचा कार्तिक धरून आहे ती. मिरजेहून प्रयागला आजारी गुडघ्यांना सोसेल अशी गाडी कुठली, आणि संगमावर होडीत चढायला त्रास होतो का, कुणी अलीकडे गेलं असेल तर सांगा.