अंतराळयानातल्या थंड सेन्सरवर किती बर्फ साचेल, हिशोब कसा मांडायचा?

वणीकर: सेन्सर १०० केल्विनवर (उणे १७३ अंश सेल्सिअस), शेजारी गोंद अन् केबल, निर्वातात त्यांतून वाफ सुटते. डेटाशीटमध्ये सीव्हीसीएम (सुटून प्लेटवर जमणाऱ्या वाफेचं प्रमाण) ०.१ टक्क्याच्या आत आहे. थराचा अंदाज त्यावरूनच काढायचा काय जी?

हिंगणघाट_२: नाही भाऊ. तो ई५९५ या प्रमाणित चाचणीचा आकडा. नमुना १२५ अंशांवर २४ तास, पण वाफ धरणारी प्लेट २५ अंशांवर. पाणी तिथं थांबतच नाही. १०० केल्विनवर मात्र बसलं की बसलंच. ई१५५९ या दुसऱ्या चाचणीचे, थंड क्वार्ट्झ स्फटिकावर मोजलेले दर घ्या. समजा सेकंदाला चौरस सेंमीमागे १० पिकोग्रॅम पाणी सुटतं, वाफ सोडणारा पृष्ठभाग ५०० चौ. सेंमी, हजारातला एक रेणू सेन्सरवर, सेन्सर ५ चौ. सेंमी. दिवसाला साधारण ०.९ नॅनोमीटर बर्फ. महिन्यासाठी सरळ ३० नं गुणू नका, दर उतरत जातो.

दारव्हेकर: उतरतो, पण एमएलआय (यानावरचं अनेक पातळ थरांचं उष्णतारोधक आवरण) धरलं काय? जिनिंगमधली कापसाची गंजी वरून कोरडी, हात कोपरापर्यंत घातला की ओल लागते. त्या थरांचंही तसंच, पाणी वर्षानुवर्षं झिरपतं. युक्लिड ही युरोपची अंतराळ दुर्बीण २०२३ मध्ये उडाली. मार्च २०२४ मध्ये बर्फ काढायला तिचा एक आरसा उणे १४७ वरून उणे ११३ अंशांवर न्यावा लागला.

वणीकर: मग हीटर किती अंशांपर्यंत?

हिंगणघाट_२: पाण्यापुरतं १६० केल्विन (उणे ११३ अंश), असला पातळ थर तासाभरात उडतो. गोंदाचे जड रेणू त्यानं हलत नाहीत. त्यांचा बेकआउट (तापवून वाफ काढून टाकणं) उड्डाणाआधी जमिनीवरच उरका. व्हेंट (वाफ बाहेर जायचं भोक) सेन्सरच्या समोर नको. थंड करताना सेन्सर सगळ्यात शेवटी, गरम करताना सगळ्यात आधी.