मदत हवी आहे: रेंजरला कॅम्पर लावून घाट उतरायचाय

मंडळी जरा सल्ला द्या. आम्ही डेन्व्हरला असतो, 2021 ची फोर्ड रेंजर पिकअप आहे, टो पॅकेजवाली (ट्रेलर ओढायची सोय असलेली), म्हणजे कागदावर 7,500 पौंड ओढते. एक जुना कॅम्पर (मागे ओढायचा, राहायच्या सोयीचा ट्रेलर) बघितलाय, सामान-पाणी भरून 5,000 च्या आसपास जाईल. विकणारा म्हणतो आरामात ओढेल, पण मला गोची पेलोडची, म्हणजे गाडीवर एकूण किती वजन चालतं त्याची वाटतेय. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर बघितला तर माणसं-सामान सगळं धरून 1,400 च्या आतच. हिचवर (ट्रेलर अडकवायच्या जोडावर) ट्रेलरचं 10 ते 15 टक्के वजन येतं, 12 धरले तरी 600 तिथेच गेले, मग आम्ही दोघं, दोन वाढती पोरं, कूलर, हिचचं स्वतःचं वजन, उरलं काय? (बायको कुकर आणि तांदळाचा डबा घेतल्याशिवाय हलणार नाही ते वेगळंच)

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच घ्यायचं ठरलंय, पण त्याने पेलोड वाढत नाही ना, फक्त वजन पुढच्या चाकांवर परत जातं? आणि स्वे कंट्रोल (ट्रेलर डोलू नये म्हणून असतो तो) त्यातलाच बरा का वेगळा बार लावू?

दुसरं म्हणजे आय-70 हायवेवर आयझेनहॉवर टनेलनंतर सिल्व्हरथॉर्नकडे जो 7 टक्क्यांचा उतार आहे तिथे कुठला गिअर धरता? टो/हॉल मोडवर (ओझं ओढतानाच्या गिअर सेटिंगवर) सोडलं तर पुरतं का? ट्रेलरच्या ब्रेक कंट्रोलरचा गेन (ब्रेकचा जोर) रिकाम्या पार्किंगमध्ये सेट करून तोच उतारावर चालतो की कमीजास्त करावा लागतो?

कोणी भरलेली गाडी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (वजनकाट्यावर) नेली असेल तर ट्रेलरसकट आणि ट्रेलर सोडून, दोन्ही वजनं कशी घ्यायची तेही सांगा, पैसे द्यायच्या आधी कळलं तर बरं.