कम्युनिटी कॉलेजातून इतिहास: थोडी भर

"इतिहासच घ्यायचा तर कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं कशाला घालवायची?" हा वरचा प्रश्न वाचून राहवलं नाही. आमच्या मुलीने कॅलिफोर्नियात हेच केलं, म्हणजे आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) आणि मग युनिव्हर्सिटीत बदली घेऊन पदवी, तेव्हा नातेवाइकांना वाटलं की तिला कुठे प्रवेशच मिळाला नसावा. (या कॉलेजांना पूर्वी अमेरिकेतही ज्युनिअर कॉलेज म्हणत, त्यामुळे आपल्याकडच्यांना थेट अकरावी-बारावीच आठवते!)

कॅलिफोर्नियात ही वाट १९६०च्या मास्टर प्लॅनपासून (राज्याच्या उच्च शिक्षणाच्या आराखड्यापासून) मुद्दाम आखलेली आहे. राज्यातल्या रहिवाशांना फी युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) ४६ डॉलर, म्हणजे दोन वर्षांच्या ६० युनिटांचे २,७६० डॉलर. पुस्तकं आणि राहणं वेगळं. पदवीवर नाव मात्र युनिव्हर्सिटीचंच.

आणि शिकवणं? तिच्या अमेरिकन इतिहासाच्या वर्गात पस्तीसेक मुलं होती. प्राध्यापक स्वतः निबंध तपासायचे, मूळ कागदपत्रं वाचायला लावायचे. मोठ्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षी हेच शेकडो मुलांच्या सभागृहात चालतं आणि पेपर बहुधा टीए (शिकवण्यात मदत करणारा पदव्युत्तर विद्यार्थी) तपासतो.

एक ठेच मात्र लागली. काउन्सेलरच्या भरवशावर घेतलेला एक कोर्स हव्या त्या युनिव्हर्सिटी कॅम्पसला मेजरसाठी (मुख्य विषयासाठी) चालला नाही. म्हणून 'असिस्ट' या सरकारी साइटवर कॉलेज आणि कॅम्पसची जोडी निवडून कोणते कोर्स चालतात ते पहिल्याच सत्रात स्वतः तपासा. हमीच्या प्रवेशाची 'टॅग' योजना डेव्हिस, अर्व्हाइन वगैरे सहा यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॅम्पसना आहे. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅगचा अर्ज सप्टेंबरातच भरावा लागतो, बरेच जण तिथेच चुकतात.