पोपटी, शेवाळी आणि भिंतीवरची हिरवी गादी

भाचीने ब्लाऊजपीसचा फोटो पाठवून विचारलं, "मामा, हा पोपटी की शेवाळी?" मी 'शेवाळी' म्हणून मोकळा झालो, पण शब्द दिवसभर डोक्यातून जाईना.

'पोपटी' ठरवताना मी तुईया डोळ्यासमोर आणतो. नेहमीच्या राघूपेक्षा लहान पोपट. नराचं डोकं जांभळट लाल, मादीचं राखाडी. ज्वारी हुरड्यात आली की थवाच्या थवा शेतात उतरतो आणि उडताना 'टुई टुई' ऐकू येतं. अंग पिवळसर हिरवं. पोपटाच्या पिसात हिरवं रंगद्रव्य नसतंच. रंगद्रव्य पिवळं, आणि पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे निळा प्रकाश परततो. दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. त्यामुळे पिवळेपणा नसेल त्या रंगाला मी पोपटी म्हणणार नाही.

(पैठणीच्या काठावरच्या पोपटाला 'मुनिया' म्हणतात, पक्षी बघणाऱ्यांची मुनिया मात्र चिमणीपेक्षाही लहान, दाणे टिपणारी.)

खरा घोळ 'शेवाळी'त आहे. श्रावणात परभणीच्या आमच्या घरामागच्या विटांच्या भिंतीवर मऊ गादी चढते. तिलाही आम्ही शेवाळच म्हणतो. उकिडवं बसून बघितलं की टाचणीसारखे बारीक देठ दिसतात, प्रत्येकाच्या टोकाला मान वाकवलेलं बोंड. हा फ्युनारिया, शाळेच्या पुस्तकात ब्रायोफायटात, म्हणजे ओलाव्यात वाढणाऱ्या बिनफुलांच्या वनस्पतींच्या गटात शिकलेला मॉस. खरं मूळ नाही, फूल नाही, उंची जेमतेम एक-दोन सेंटीमीटर. आणि ताज्या गादीचा रंग? उजळ, पिवळसर हिरवा. तुईयाच्या पाठीशेजारी ठेवला तर शोभेल असा.

म्हणजे भिंतीवरचं शेवाळ पोपटी आणि कपड्यातला शेवाळी काळपट! माझ्या मते रंगाचं नाव भिंतीवरून नाही, पाण्यावरून आलं. संस्कृतातलं 'शैवाल' पाण्यातलंच. बारवेत उतरताना आजी बजवायची, "हळू रं, पायरीला शेवाळ धरलंय, पाय सरकंल." तिच्या 'शेवाळ'मध्ये रंगाआधी बुळबुळीतपणा होता. साचलेल्या पाण्यातलं ते जुनं, गडद हिरवं आपल्या 'शेवाळी'त उतरलंय. भिंतीवरच्या गादीवर बोट टेकवा, मखमल लागते. पाय सरकायची भीती आणि मखमल, दोन्ही एकाच शब्दात कोंबलेली मला पटत नाहीत. पाठ्यपुस्तकांनी 'शैवाल' स्पायरोगायरासारख्या पाण्यातल्या हिरव्या तंतूंसाठी ठेवला आणि मॉसला 'मॉस'च म्हटलं, ते बरं केलं. पण घरात बोलताना 'मॉस' कोण म्हणतो?

फोटो मोठा करून पुन्हा बघितला. पिवळ्याचा लवलेश नाही, तेव्हा भाचीला दिलेलं उत्तर कायम. लातूर, नांदेड, बीडकडे भिंतीवरच्या या गादीला वेगळा शब्द असेल तर जरूर सांगा, आजी-आजोबांना विचारून सांगितलात तर आणखी उत्तम.