घरच्या रस्स्याची नोंद ॲपमध्ये कशी करावी, आणि स्क्वॉट का अडकला असावा?

प्रश्न : उद्यमनगरकर

नमस्कार. माझे वय ३४ व वजन ७२ किलो आहे. गेले आठ महिने मी कोल्हापुरात राजारामपुरीतील एका जिममध्ये आठवड्यातून तीन दिवस वजनांचा व्यायाम करतो आणि आहारासाठी एक व व्यायामासाठी एक अशी दोन ॲप वापरतो. आमच्याकडे सहा माणसांचा स्वयंपाक एकत्र होतो आणि रविवारी तांबडा-पांढरा ठरलेला असतो. ॲपमध्ये ‘मटण रस्सा, एक वाटी’ असे शोधल्यावर ज्या नोंदी समोर येतात, त्यांच्या उष्मांकांत दुपटीहून अधिक अंतर दिसते. संध्याकाळी गंगावेशीतील दूध कट्ट्यावर मी म्हशीचे अर्धा लिटर दूध पितो, ते कोणत्या नावाखाली लिहावे हेही कळत नाही. त्यातच स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन मारायची बैठक) दोन महिन्यांपासून ८० किलोच्या पाच रेप्सवर, म्हणजे सलग पाच बैठकांवर, थांबला असून ॲपमधला आलेख आडवा झाला आहे. ॲप बदलावे का?

उत्तर : पंचगंगाकाठ

ॲप बदलून रस्स्याचा प्रश्न सुटणार नाही, कारण तयार नोंदीत तुमच्या घरचे पातेले नसते. ‘मटण करी’ या नोंदीत फोडी आणि रस्सा एकत्र धरलेले असतात. आपल्याकडे मात्र मटण आधी शिजवून घेतात, त्याच्या अळणी पाण्यातून तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से होतात आणि सुके मटण ताटात वेगळे येते. त्यामुळे प्रथिने मुख्यतः सुक्यात राहतात, तर रस्स्यांत तेल, खोबरे, नारळाचे दूध आणि काजू-तीळ-खसखशीचे वाटण यांचा भाग मोठा असतो. दोन वाट्या पांढरा रस्सा पिऊन मटणाची प्रथिने मिळाली असे समजणे ही मी स्वतः वर्षभर केलेली चूक आहे.

बहुतेक ॲपमध्ये स्वतःची पाककृती साठवण्याची सोय असते, ती वापरा. स्वयंपाकघरात एक साधा वजनकाटा ठेवा, रिकाम्या पातेल्याचे वजन एकदाच करून लिहून ठेवा, तेल आणि खोबरे घालण्यापूर्वी मोजा आणि शेवटी भरलेले पातेले पुन्हा काट्यावर ठेवा. सुके, तांबडा आणि पांढरा अशा तीन स्वतंत्र पाककृती करा. ताटात घेतलेल्या ग्रॅमांवरून पुढचा हिशेब ॲप करते. मटण हाडांसह विकत घेतो आणि नोंद बहुधा बिनहाडाच्या मांसाची असते, म्हणून जेवणानंतर सगळ्यांच्या ताटांतली हाडे एकदा तोलून पाहा. कच्च्या मांसाची नोंद आणि शिजलेल्या मांसाचे वजन यांची गल्लतही करू नका, कारण शिजताना पाणी निघून जाते आणि त्याच फोडीचे वजन कमी भरते.

तेलाकडे विशेष लक्ष द्या. एक ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी असतात, म्हणजे १५० ग्रॅम तेलाच्या १३५० होतात. सहा जणांत समान वाटल्या तर प्रत्येकी २२५ पडतात, पण वरची तर्री ज्याच्या वाटीत जास्त जाते त्याचा आकडा निराळा असतो.

दुधासाठी ‘म्हशीचे दूध’ अशीच नोंद निवडा. गाईच्या दुधाच्या तुलनेत त्यात प्रथिने थोडीच अधिक असली तरी स्निग्धांश दुपटीच्या जवळ असतो, त्यामुळे गाईच्या दुधाची नोंद घेतली तर अर्धा लिटरमागे दीडशेच्या आसपास किलोकॅलरी लिहायच्या राहून जातात. कट्ट्यावर समोर काढलेल्या दुधाला फेस असतो, म्हणून माप फेस बसल्यावरचे धरावे. पदार्थांच्या मूळ आकड्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते मला सर्वांत उपयोगी वाटतात; ॲपमधली नोंद शंकास्पद वाटली की मी तिथे पडताळतो.

उत्तर : जोर-बैठक

मी स्क्वॉटपुरते लिहितो. तुमचा आलेख बहुधा फक्त सर्वांत जड वजन दाखवत असावा. हेवी, स्ट्राँग यांसारख्या ॲपमध्ये अंदाजित एक-रेप कमाल, म्हणजे एकदाच उचलता येईल असे सर्वाधिक वजन, हा आलेखही मिळतो, तो उघडा. त्यासाठी वापरले जाणारे एपली यांचे सूत्र सोपे आहे : रेप्सना ३० ने भागून त्यात १ मिळवायचा आणि त्याने वजनाला गुणायचे. त्यानुसार ८० किलोच्या पाच रेप्सचे ९३.३ होतात, तर ७५ किलोच्या आठ रेप्सचे ९५. म्हणजे कमी वजनावरचा दिवस प्रत्यक्षात अधिक ताकदीचा असू शकतो. दहाहून अधिक रेप्सना मात्र हे सूत्र विश्वासार्ह राहत नाही.

पाच ते आठ रेप्सचे तीन सेट (मध्ये विश्रांती घेऊन तीन फेऱ्या) ठरवा आणि तिन्ही सेटमध्ये आठ पूर्ण झाल्यावरच वजन वाढवा. आपल्याकडील बऱ्याच जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते, त्यामुळे दोन्ही बाजू मिळून एकदम पाच किलो वाढतात. सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतःच्या पिशवीत ठेवल्यास हा अडथळा दूर होतो. प्रत्येक सेटनंतर आणखी किती रेप्स निघाल्या असत्या हेही लिहा. तालमीत वस्ताद चेहरा पाहून जे ओळखतात, ते एकट्याने व्यायाम करणाऱ्याला असे नोंदवूनच कळते. दोन महिन्यांत तुमच्या शरीराचे वजन किती बदलले, हे तुम्ही लिहिलेले नाही.

उत्तर : शाहूपुरीची ताई

घड्याळाने दाखवलेल्या व्यायामाच्या कॅलरी आहाराच्या हिशेबात परत मिळवण्याची सोय बंद करा, कारण वजनांच्या व्यायामात मनगटावरचा तो अंदाज बराच चुकतो. आणि एक कळकळीची विनंती आहे : घरात वाढत्या वयाची मुले असतील तर त्यांच्यासमोर ताट तोलू नका. माझ्या मुलीने प्रत्येक भाकरीच्या कॅलरी विचारायला सुरुवात केली, तेव्हापासून मी मोजमाप स्वयंपाकघरातच संपवते आणि जेवताना फोन दूर ठेवते.

प्रश्नकर्ता : उद्यमनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. रोज सकाळच्या वजनाची आठवड्याची सरासरी काढली, तेव्हा ते दोन महिन्यांत तसूभरही हललेले नाही असे दिसले. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यासाठी सांगितली जाणारी किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिने धरली तर मला दिवसाला ११५ ग्रॅम हवीत. हाडे वजा करून आणि रस्सा वेगळा करून मांडल्यावर ती ऐंशीच्या आतच भरली. आता सकाळी तीन अंडी आणि दुपारच्या डब्यात उसळीची मोठी वाटी वाढवली आहे. पातेल्याचे रिकामे वजन, १ किलो १८० ग्रॅम, आईने स्वतःच बुडाखाली रंगाने लिहून ठेवले, आणि काल फोडणीचे तेल तिने मला हाक मारून काट्यावर दाखवूनच ओतले.